ज्याच्या हाताला जे ताट येईल

१२ जानेवारी, रविवार

अखेर घोडं गंगेत न्हालं! आमचे संचालक राजवर्धन सर काल केबिनमध्ये बोलावून म्हणाले, ‘प्रीती मॅडम, यंदाच्या परिषदेच्या निमंत्रक तुम्ही.’ विषय, शाश्वत व्यवस्थापन : संशोधनाचे नवे प्रवाह. तारीख, बावीस फेब्रुवारी. मी चेहरा गंभीर ठेवून ‘बघते सर’ म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले. एकतीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, पण कुणी पाहिलं नाही.

माझ्याच पीएच.डी.चा विषय आहे हा. जगभरातले लोक यावर काय लिहितात, काय लिहायचं सोडून देतात आणि कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत, एवढंच वाचत बसलेय इतकी वर्षं. घरी सांगितलं तर माईनं लगेच शिरा टाकला. वडील, म्हणजे आमचे दादा, अंगणात सायकलची चेन साफ करत होते.

‘शाश्वत म्हंजे टिकाऊ व्हय?’

‘हो. धंदा असा चालवायचा की उद्याही टिकेल. त्याला तीन पाय असतात दादा. पर्यावरण, पैसा आणि समाज. पहिल्या दोन पायांवर ढीगभर लिहिलं गेलंय. मी वाचलं त्यात तरी तिसऱ्यावर फार थोडं सापडतं.’

‘मग लंगडंच हाय की तुमचं.’

हे वाक्य मी निबंधात घालणार. दादांचं नाव सांगणार नाही, उगाच शेफारतील.

मनातलं एकच लिहून ठेवते. या वेळी दादांनी माझ्या कार्यक्रमाला यावं आणि सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवावं. आमच्या दादांचं पोट हे एक गूढ आहे. लग्नाला जातात, आहेर देतात आणि जेवायला घरी येतात. ‘पोटाला सोसत न्हाय.’ मला पीएच.डी. मिळाली त्या दिवशी कॉलेजात सगळे जेवत होते आणि हे बाहेर बाकावर बसून घरची भाकरी खात होते. मला एवढा राग आला होता! बरं, मिसळीचा कट या पोटाला चालतो. विहारातली खीर दोन वाट्या चालते. पंगतीतला वरण-भात तेवढा बाधतो. माई म्हणते, लग्न झाल्यापासून असंच आहे, मी विचारायचं सोडलं.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली बैठक. गेल्या वर्षी ‘पर्यावरण आणि उद्योग’ या परिषदेनंतर इमारतीमागे कागदी ताटं, प्लॅस्टिकचे चमचे आणि अर्ध्या प्यालेल्या बाटल्या यांचा असा ढीग पडला होता की कुत्रीसुद्धा वळसा घालून जात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी म्हटलं, यंदा ढीग नाही. बुफे नाही, सतरंजीवर पंगत. आणि प्रत्येकानं आपलं ताट-वाटी घरून आणायची.

‘बेळगावचे पाहुणे ताट घेऊन एसटीत बसणार?’ अभिरामनं विचारलं. हा माझा सहकारी, मार्केटिंग शिकवतो, तोंडानं फाटका पण कामाला वाघ.

‘लॅपटॉप घेऊन बसतात ना? मग ताटच जड होतंय का?’

राजवर्धन सर खूश झाले. ‘एक नंबर कल्पना!’ निमंत्रणात ओळ घातली : येताना आपले ताट-वाटी सोबत आणावे. मला माझाच अभिमान वाटला, लपवत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

जेवताना ताटाची कल्पना मोठ्या झोकात सांगितली. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला.

‘कुणी कुणी आणायचं ताट?’

‘सगळ्यांनी.’

‘सगळ्यांनी म्हंजे? पावण्यांनीबी? तुज्या सायबांनीबी?’

‘हो, सगळ्यांनी!’

‘आन बसायचं कुटं कुणी?’

मला हसूच आलं. म्हटलं, दादा, सतरंजीवर, जागा मिळेल तिथं, लग्नाचे मानपान थोडेच आहेत? दादांनी ताटातलं संपवलं, ताट स्वतः धुतलं आणि पालथं घातलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, ‘बावीसला मला जमायचं न्हाय. पोटाचं काय खरं न्हाय.’

महिनाभर आधीच पोटाला तारीख कळते! असलं पोट आमच्या कॉलेजात नियोजन शिकवायला ठेवायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

मधले दिवस निबंधात गेले. चांगला जमतोय. पूर्वीचे अभ्यासक ‘कचरा कमी करा’ म्हणत, मग ‘पुन्हा वापरा’ आलं, आणि आता काही जण म्हणू लागलेत की वस्तू कुणाच्या मालकीची हा प्रश्नच सोडा, किती जणांच्या हाती फिरली ते बघा. तिसऱ्या पायाचा भाग मात्र अजून कोरडा आहे. ‘समाज’ हा शब्द बारा वेळा येतो आणि त्यात माणूस एकही नाही.

आज सकाळी दादांशी भांडले. नको होतं भांडायला, पण जीभ आत्यावर गेलीय असं माई म्हणते ते खरं आहे. मी म्हटलं, ‘तुमचं पोट माझ्याच कार्यक्रमाला बरं दुखतं. मला शिकवलंत कशाला एवढं, बाकावर बसून भाकरी खायला?’

दादा सायकल काढून गेले. माई माझ्याशी बोलेना. दुपारी दादा आले ते घामाघूम. उचगावातून थेट रंकाळ्यापर्यंत जाऊन आले म्हणे. दारातच उभं राहून म्हणाले, ‘येतो. पर माझी एक अट हाय.’

‘बोला.’

‘आल्या-आल्या सगळ्यांची ताटं एका जागी रचायची. आन जेवायच्या टायमाला ज्याच्या हाताला जे ताट यील ते त्यानं घ्यायचं. माजं ताट मी आणतो. पर माज्या ताटात मी जेवणार न्हाय.’

मी टुणकन उडालेच! हाच तर नवा प्रवाह! वस्तू माझी नाही, सगळ्यांची. मी पाच वर्षं वाचलं आणि दादांनी सायकलवर एका फेरीत गाठलं. मी त्यांना मालकी, सामायिक वापर वगैरे भडाभडा समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘व्हय, तसंच कायतरी.’

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार असूनही बैठक. ताटांची अट सांगितली आणि वारुळाला काठी लागली. ‘दुसऱ्याच्या ताटात जेवायचं?’ ‘स्वच्छतेचं काय?’ ‘माझ्या सासूबाईंना कळलं तर ते ताट पुन्हा घरात घेणार नाहीत.’ मी सांगितलं, आपला आचारी जोतीराम कढत पाण्यातून सगळी ताटं काढणार आहे. तरी एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, ‘तसं नव्हे हो मॅडम, पण कुणाचं कुठलं ताट, काही कळायला नको का?’

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘सर, हॉटेलात मिसळ खाताना ताटाचं आडनाव विचारता का?’

सर खाली बघायला लागले. अभिराम माझ्याकडे बघत राहिला, नेहमीसारखा हसला नाही. मग राजवर्धन सर म्हणाले, ‘ठरलं. ज्याच्या हाताला येईल ते ताट.’ मुद्दा बिनतोड होता, पटला असावा. एरवी अर्धा तास चावत बसतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

इचलकरंजीहून बायडाबाई आत्या आली. दादांची थोरली बहीण. पिशवीत स्वतःचं ताट, जोडीला माझ्यासाठी एक स्थळ. स्थळ मी पिशवीतच ठेवायला लावलं.

‘बाबासो जेवणार हाय म्हणं पंगतीत?’ तिनं माईला तीनदा विचारलं. ‘खरंच? आपल्या तोंडानं म्हणाला?’ मग माळ्याकडे बघत बसली. दादा माळ्यावर चढून खुडबुड करत होते. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरले आणि आत्याला दाखवलं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. धूळ गेली असेल, तो माळा गेल्या दिवाळीपासून झाडलेला नाही.

मी म्हटलं, काय आहे बघू? तर दादा म्हणाले, ‘ताट हाय. तुज्या कामात लक्ष घाल.’

२२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळ. पाय सुजलेत, आवाज बसलाय, साडीवर आमटीचा डाग पडलाय आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते. सगळं नीट लिहायचंय.

सकाळपासून ताटं यायला लागली. दाराशी टेबल मांडून आम्ही ती जमा करत होतो. कोल्हापुरात ताटावर नाव घालायची हौस किती दांडगी आहे हे आज कळलं. ‘चि. सौ. कां. सुमन हिस मामांकडून सप्रेम’ काय, ‘वास्तुशांतीनिमित्त’ काय! एका पोरानं फुटबॉलच्या उपविजेत्यांना मिळालेलं ताट आणलं होतं. बेळगावचे पाहुणे खरोखर ताट घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. जोतीरामच्या माणसांनी सगळी ताटं कढत पाण्यातून काढून मांडवाच्या दाराशी रचली.

माझा निबंध साडेअकराला होता. दादा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी माई आणि आत्या. तीन पायांची गोष्ट सांगून मी म्हटलं, ‘एका जाणकाराच्या मते हे सगळं लंगडंच आहे.’ सभागृह हसलं. दादा हसले नाहीत, पण मान वर करून इकडे-तिकडे बघितलं, आपल्याकडे कुणी बघतंय का ते. शेफारलेच शेवटी.

मग जेवणाची वेळ. वांगं-बटाटा, आमटी-भात आणि खपली गव्हाची खीर. वेलदोड्याचा वास अंगणभर. मी पंगत बसायच्या आधी ताटांवर नजर टाकली तर एका राशीत वरच एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट. जुनं, काळपटलेलं, काठाला मोठा पोचा. आमटीत चिंच होती आणि जर्मनच्या भांड्यात आंबट वाढत नाहीत हे मला माईनं लहानपणापासून सांगितलेलं. शिवाय बाहेरच्या पाहुण्यांपुढं असलं ताट! मी ते उचललं आणि टेबलाखाली सरकवलं. निमंत्रक म्हणून अगदी योग्य केलं असं वाटलं.

वर बघितलं तर दादा खांबापाशी उभे. माझ्याकडे नाही, टेबलाखाली बघत होते. मग माईला म्हणाले, ‘मी जरा बाहीर बसतो. पोटात बरं वाटंना.’

मला रडूच कोसळायच्या बेतात होतं. एवढं करून पुन्हा पोट! तेवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईच्या हातात एवढी ताकद!

‘ताट का काडलंस गं?’

‘अगं पोचा आलाय, आत्या. कुणाचं आहे कोण जाणे.’

‘तुज्या बाचं हाय. आमच्या आईचं हाय.’ आणि मग तिनं मला दोन मिनिटांत, मांडवाच्या दारात, लोक आजूबाजूनं जात असताना सांगितलं. ‘आमच्या गावात गावजेवान असायचं तवा समद्यांस्नी पत्रावळ. आमच्या लोकांनी तेवडं घरनं ताट आणायचं. समद्यांची पंगत उठल्यावर, लांब बसायचं. वरनं टाकायचे. बाबासो सा-सात वर्साचा हुता. भूक लागली म्हणून हे ताट घिऊन गेला आन पयल्या पंगतीत बसला, दोस्ताच्या शेजारी. एकानं उचलून बाहीर काडला आन ताट लांब भिरकावलं. दगडावर आपटलं. त्यो पोचा हाय. तवापासनं तुजा बा त्यांच्यात पंगतीला बसला न्हाय. पोटाचं काय बी न्हाय त्येच्या.’

मी तिथंच उभी. आपलं ताट आपण आणा. ही ओळ मी निमंत्रणात छापली होती आणि घरी टाळीसाठी हात पुढं केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मीच. समाजावर वाचत बसले आणि माझ्या बापाला कधी विचारलं नाही की पोटाला झालंय काय. रडू आलं, आणि त्या भिरकावणाऱ्याचा असा राग आला की समोर असता तर तेच ताट त्याच्या डोक्यात घातलं असतं.

पण पंगत बसत होती. मी टेबलाखाली वाकले, ताट काढलं, पदरानं पुसलं आणि राशीच्या अगदी वर ठेवलं. आत्या म्हणाली, ‘आता बाजूला हो. कुणाला दिऊ नगंस. घ्येऊ दे आपसूक.’

बाजूला झाले. पहिली एक विद्यार्थिनी आली. तिनं पोच्याकडे बघितलं आणि शेजारच्या राशीतलं चकचकीत ताट घेतलं. तिच्या मैत्रिणीनंही तेच केलं. मला ओरडावंसं वाटत होतं. दादा मांडवाच्या टोकाला, अर्धे आत अर्धे बाहेर. मग राजवर्धन सर आले. बेळगावच्या पाहुण्यांशी तावातावानं बोलत होते, तिसऱ्या पायाबद्दलच, हात हवेत. बोलता-बोलता हात खाली आला, वरचं ताट उचललं, आणि बोलत-बोलतच सर पंगतीत जाऊन बसले. ताटाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आत्या पुटपुटली, ‘बसला गं बाई, बसला.’

वाढपी आले. त्या पोच्याच्या खळग्यात आमटी साठली. सरांनी ती भाताचा घास फिरवून पुसून घेतली आणि अजून मागितली. दादा बघत होते. किती वेळ ते ठाऊक नाही, मी त्यांच्याकडेच बघत होते. मग ते चालत राशीपाशी आले, हाताला आलं ते ताट घेतलं. सुमनला मामांकडून आलेलं! ते घेऊन उभे राहिले, जागा शोधत. सरांनी वर बघितलं.

‘या, या! प्रीती मॅडमचे वडील ना? इथं बसा की, जागा हाय.’ सर रंगात आले की कॉलेजातली भाषा गळून पडते.

दादा मांडी घालून बसले. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला अभिराम. मी वाढपाची बादली हिसकावून घेतली आणि त्या रांगेत वाढायला गेले, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

सर आपल्या ताटाकडे बघत म्हणाले, ‘कुणाचं हाय बघा, जुनं ताट दिसतंय. पोचा आलाय.’

दादा म्हणाले, ‘व्हय, जुनं हाय. पर आमटी सांडत न्हाय की.’

‘सांडती कुठली? उलट जास्त मावती!’ आणि दोघंही हसले. दादा असे हसले की त्यांची दाढ दिसली. माझ्या हातून पळीभर आमटी माझ्याच साडीवर सांडली ती तेव्हा.

दादांनी खीर तीनदा घेतली. तिसऱ्यांदा मी वाढताना त्यांनी वर बघितलं. बहुतेक माझे डोळे बघून समजले की आत्यानं सांगितलंय. ‘रडू नगंस खिरीत,’ म्हणाले. ‘खारट हुतीया.’

जेवण झाल्यावर ताटं धुवायला रांग लागली. अभिराम बाह्या सरसावून आत्याशेजारी बसला, ती घासत होती, तो विसळत होता. जाताना आत्या माझ्या कानात म्हणाली, ‘त्या पिशवीतल्या स्थळाचं ऱ्हाऊ दे आता.’ का ते सांगेना. आत्याचं काही कळत नाही.

ताटं ज्याची त्याला परत दिली. दादांचं मात्र जोतीरामकडेच राहिलं. मी आणायला निघाले तर दादा म्हणाले, ‘तितंच ठिव. पुडच्या साली कुणाला तरी लागंल.’

इमारतीमागे जाऊन बघून आले. ढीग नव्हता.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठले तर माई सोडामिंटच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन दादांपुढं उभी. ‘अवो, तीनदा खीर खाल्लीसा. घ्या.’

‘कशाला? माज्या पोटाला काय झालंय?’

माईनं माझ्याकडे बघितलं. काल रात्री आत्यानं तिलाही सगळं सांगितलंय. पस्तीस वर्षं तिनं त्या पोटासाठी पथ्याचं रांधलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं गोळ्या परत डब्यात टाकल्या आणि डबा फळीवर नेऊन ठेवला.

मी निबंधाचा तिसऱ्या पायाचा भाग पुन्हा लिहायला घेतलाय. सुरुवात त्या ताटापासून. दादांना विचारलं, लिहू का? म्हणाले, ‘लिव्ह. नाव घालून लिव्ह.’

आज आमच्या गल्लीत चिमणाबाईंच्या नातीचं लग्न आहे. सकाळपासून हलगी वाजतेय. दादांनी कालचाच सदरा पुन्हा इस्त्रीला टाकला, आहेराचं पाकीट खिशात घातलं. माई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेली, तांदूळ धुतले आणि कुकर शेगडीवर ठेवला. शेगडी पेटल्याचा आवाज आला तसे दादा चप्पल घालता-घालता थांबले आणि ओरडून म्हणाले, ‘अगं, कुकर कशाला लावतीस? लगनाचं जेवान हाय न्हवं!’